नानांच्या छातीतलं मशीन

झुलाल नाना केळीच्या बागेत दुसऱ्यांदा चक्कर येऊन पडले, तेव्हा कुठे ते जळगावच्या मोठ्या दवाखान्यात जायला कबूल झाले. पहिल्यांदा पडले तेव्हा त्यांनी सगळं खापर उन्हावर फोडलं होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्यांना यंत्राला जोडून ठेवलं, तपासण्या केल्या आणि सांगितलं, की हृदय तसं ठणठणीत आहे. पण त्याला ठोक्याचा हुकूम देणारी जागा थकली आहे. मध्येच हुकूम द्यायला विसरते. यावर गोळी नाही. छातीत पेसमेकर बसवावा लागेल.

नानांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे इहिरीवरच्या मोटरले स्टार्टर बसवता, तसं?"

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाले.

शेजारी उभी असलेली कामिनी हसली. कामिनी ही नानांची धाकटी मुलगी. धुळ्याच्या एका शाळेत ती विज्ञान शिकवायची. पेसमेकर म्हणजे काय, हे वर्गात इतक्या थोडक्यात तिला कधी सांगता आलं नव्हतं.

बापलेकीचं भांडण जुनं होतं. नाना फैजपूरजवळच्या गावचे केळी बागायतदार, गळ्यात माळ, एकादशीला मुक्ताईनगर चुकवायचे नाहीत. पण पोरीला विज्ञान शिकवायचं त्यांनीच ठरवलं होतं, आणि ती शिकून आल्यावर तिच्याशी वाद घालायचा पहिला हक्कही त्यांनी आपल्याकडेच ठेवला होता. ती माहेरी आली, की जेवणं झाल्यावर ओसरीत दोघांची जुंपायची. ग्रहणात पाणी प्यायचं की नाही इथून सुरू झालेलं बोलणं देव आहे की नाही इथपर्यंत जायचं आणि चहा आला की थांबायचं. दोघांपैकी कुणीही कधी हरलं नाही.

छातीत मशीन बसल्यावर या वादाला नवा विषय मिळाला. नानांनी शेतातल्या मोटरला मोबाईलवर चालणारा स्टार्टर बसवला होता. देवळात भजनाला बसल्या बसल्या ते फोन लावायचे आणि तिकडे ठिबकला पाणी सुरू व्हायचं.

"बघा नाना," कामिनी म्हणायची, "तुम्ही इथे बटण दाबलं, तिकडे पाणी सुरू झालं. यात देवाने काय केलं? तुमच्या छातीतही तेच आहे. एक बॅटरी आहे, दोन तारा आहेत."

"स्टार्टर मोटरले चालू करतो. पण वीज कोन देतं?"

"वीज मंडळ."

"आन वीज गेल्यावर तुझा स्टार्टर काय करतो?"

"काय करणार? नुसता खटखट करतो."

"बस. मी दुसरं काय म्हनतो?" असं म्हणून नाना मांडीवर थाप मारायचे.

एका गोष्टीवर मात्र कामिनीने माघार घेतली नाही. नानांचा फोन कायम सदऱ्याच्या डाव्या खिशात असायचा आणि त्यावर भजन चालू असायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, की फोन मशीनपासून लांब ठेवा. नानांचं म्हणणं, भजनाने कुणाचं हृदय बंद पडल्याचं त्यांनी ऐकलं नाही. कामिनीचं म्हणणं, भजनाने नाही, फोनमधल्या चुंबकाने मशीन गोंधळतं. शेवटी कामिनीच्या भावाच्या, भूपेंद्रच्या बायकोने, रूपालीने, सासऱ्यांच्या सगळ्या सदऱ्यांना उजव्या बाजूला खिसे शिवून आणले आणि डावे उसवून टाकले. तो वाद असा शिंप्याने मिटवला.

आणखी एक गोष्ट होती. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी जाता जाता सांगितलं होतं, "कधीकाळी वेळ येईल तेव्हा अग्नी देण्याआधी हे काढून घ्यायला विसरू नका. आगीत याची बॅटरी फुटते." भूपेंद्र तेव्हा औषधं आणायला खाली गेला होता. ऐकणारी दोघंच, कामिनी आणि नाना. नाना हसून म्हणाले, "म्हंजे मेल्यावरही दवाखाना सोडत नाही!" हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. घरी येऊन असा विषय काढायचा तरी कसा, म्हणून कामिनीने तो काढला नाही.

नाना गेले ते माघातल्या एका सकाळी. आंघोळ झाली, गंध लावलं, ओसरीत भिंतीला टेकून बसले आणि रूपाली चहा घेऊन आली तेव्हा मान एका बाजूला कलली होती. भूपेंद्रचा फोन आला तेव्हा कामिनी शाळेत निघायच्या तयारीत होती. नवऱ्याने गाडी काढली. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, ती खिडकीबाहेर बघत होती. जळगाव मागे पडल्यावर तिला डॉक्टरांचं ते वाक्य आठवलं आणि तिने नवऱ्याला गाडी जरा जोरात घ्यायला सांगितलं.

अंगणात माणसं जमली होती. तिरडी बांधून तयार होती, सगळे तिचीच वाट बघत होते. नानांना ओसरीत निजवलं होतं. उशाशी सुगंधाबाई बसल्या होत्या. सुगंधाबाई म्हणजे नानांची थोरली बहीण, कामिनीची फुई. नवरा गेल्यापासून त्या भावाकडेच राहत होत्या. कामिनी आई गेली तेव्हा जितकी रडली होती तितकीच वडिलांसाठी रडली. फुईने तिला पोटाशी धरलं. मग तिने डोळे पुसले आणि भावाला आत बोलावलं.

"भाऊ, नानांचं मशीन काढावं लागेल. आत्ताच."

भूपेंद्रचा चेहरा उतरला. त्याला हे नवीन नव्हतं. फैजपूरचे डॉक्टर हसीब, जे नानांचं ब्लडप्रेशर बघायचे, ते सकाळी येऊन गेले होते आणि त्यांनीही हेच सांगितलं होतं.

"मी इषय वाढवला नाही," भूपेंद्र म्हणाला. "कामिनी, बापाच्या अंगाले सुरी लावायची माझी हिंमत नाही. जाऊ दे ना. काय व्हायचं ते होईल."

"काय व्हायचं ते तुझ्या तोंडावर होईल. अग्नी तू देणार आहेस. चितेजवळ तूच असशील."

दाराशी शालिग्राम आबा उभे होते. ते भजनी मंडळाचे विणेकरी, नानांचे लहानपणापासूनचे सोबती. त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं. ते आत आले नाहीत. तिथूनच सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सुरी? झुलालच्या अंगाले? कोन म्हनतं?"

मग ती गोष्ट खोलीतली राहिली नाही. कामिनीला ओसरीत येऊन सगळ्यांसमोर सांगावं लागलं. वर्गात सांगतात तसं तिने सांगितलं: आत बंद डबी आहे, डबीत बॅटरी आहे, चितेच्या धगीने ती फुटते, जवळच्या माणसाला इजा होऊ शकते.

अंगणातल्या एका पाहुण्याने लगेच मोबाईल काढला. "बरोबर आहे ताईंचं," तो म्हणाला. "परदेशात प्रेतं जाळायची भट्टीच फुटली म्हनता." दुसऱ्याने त्याच्या मोबाईलवर वेगळंच काही काढलं. त्यात एक माणूस ओरडून सांगत होता, की दवाखानेवाले मेलेल्यांची मशीनं काढतात आणि नवी म्हणून दुसऱ्याला बसवतात. तिसऱ्याने साडूला फोन लावला आणि सांगितलं, साडूच्या वडिलांना असंच मशीन होतं, ते तसेच जाळले, काही झालं नाही. तीन माणसांचे तीन मोबाईल आणि तिघांची तीन उत्तरं. कामिनीला वाटलं, आपण त्यांना चौथा मोबाईलच वाटत असणार.

शालिग्राम आबांनी सगळ्यांना हाताने गप्प केलं. ते रागावले नव्हते. त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

"कामिनी, तू शिकेल आहे. मी तुले खोटं म्हनत नाही. पन झुलालनं जन्मभर माळ सांभाळली. त्याचा देह जसा आहे तसा अग्नीच्या हवाली करायचा. हे आपल्याकडे कधी झालं आहे का?"

"आबा, हे मशीन त्यांच्या देहाचं नव्हतंच. ते बाहेरून बसवलं होतं. अंगठी काढतो की नाही आपण?"

"अंगठी वरची. हे आतलं. बसवलं त्या दिवशी त्यानं हात जोडून घेतलं होतं. त्याच्या रगतात राह्यलं ते. मंग ते त्याचं झालं." आबा थांबले. "त्याले माहीत होतं का, हे काढावं लागते म्हनून?"

"होतं."

"काय म्हने तो?"

खोटं बोलायला ती एक जागा होती. कामिनीने वडिलांकडे पाहिलं. "हसले होते," ती म्हणाली. "काढा म्हणाले नाहीत. नको पण म्हणाले नाहीत."

आबांनी भूपेंद्रकडे पाहिलं, भूपेंद्रने जमिनीकडे. बाहेर कुणीतरी म्हणालं, ऊन चढायला लागलं. तेव्हा नानांच्या उशाशी बसलेल्या फुईने तोंड उघडलं. ती सकाळपासून कुणाशी बोलली नव्हती.

"कामिनी, मले एक सांग. ते मशीन आता बंद झालं का?"

कामिनी तिच्यापाशी खाली बसली. "नाही फुई. चालू आहे."

"चालू म्हंजे?"

"त्याची स्वतःची बॅटरी आहे ना. त्याला नाना गेलेले कळत नाही. ते आपलं हृदयाला हुकूम देतंच आहे. हृदय ऐकत नाही आता, एवढंच."

ओसरीत चुळबुळ झाली. पुढे बसलेल्या बायका जराशा मागे सरकल्या. फुई मात्र हलली नाही. तिने भावाच्या छातीवर, डाव्या खांद्याखाली, जिथे कातडीखाली डबीचा उंचवटा दिसत होता, तिथे हात ठेवला आणि वाट बघितली.

"हाताले काही लागत नाही," ती म्हणाली.

"लागणार नाही, फुई. फार बारीक असतो तो झटका."

"म्हंजे हे सकाळपासून चालूच आहे. आपन रडतो, आंघोळ घालतो, आन हे आतून म्हनतं, ऊठ, ऊठ." फुईने हात काढून घेतला आणि आबांकडे वळली. "शालिग्राम, घर सोडून मानूस गेला आन कोनी दार ठोकत बसलं, तर त्याले सुखानं जाता येतं का? त्याचं मन मागंच राह्यतं. काढा ते. माझ्या भावाले जाऊ द्या."

आबा विचारात पडले. माळेचा एक मणी बोटांत धरून ते कामिनीकडे वळले. "तुझं विज्ञान असं सांगतं का, की मशीन चालू आहे तवलोक जीव अडकून राह्यतो?"

सगळे तिच्याकडे बघत होते. भूपेंद्रने डोळ्यांनीच तिला विनवलं. हो म्हण आणि सोडव, असं त्याला म्हणायचं होतं. हो म्हटलं असतं तर काहीच बिघडलं नसतं. पण ज्या माणसाशी तिने जन्मभर प्रत्येक शब्दावर भांडण केलं, तो समोर निजला होता, आणि त्याच्यासमोर सोयीचं बोलणं तिला जमेना.

"नाही आबा. जीवाचं मला काही माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे, की आगीत ते फुटेल."

भूपेंद्रने कपाळाला हात लावला. पण फुईच बोलली, आणि जरा चिडूनच बोलली. "तुले जीवाचं कोनी इचारलं? तुझं तुझ्यापाशी, माझं माझ्यापाशी. काढायचं दोघींले आहे ना? मंग झालं."

आबांनी हातातला मणी सोडला. ते भूपेंद्रला म्हणाले, "तू पोरगा आहे. तू सांग."

भूपेंद्रने बहिणीकडे आणि आत्याकडे पाहिलं. मग त्याने खिशातून फोन काढला आणि डॉक्टर हसीबना लावला.

डॉक्टर मोटारसायकलवर आले. हातात छोटी बॅग होती. त्यांनी आधी ओसरीत येऊन नानांना हात जोडले, मग भूपेंद्रला बाजूला घेऊन काय करणार ते सांगितलं: छोटा छेद, तारा कापायच्या, डबी काढायची, टाके घालायचे, वर पट्टी लावायची. सदरा घातल्यावर काही दिसणार नाही. "नाना मला दर वेळी केळी द्यायचे," ते म्हणाले. "आणि दर वेळी विचारायचे, डॉक्टर, तुमच्यात नशीब मानता की ईसीजी? मी म्हणायचो, आधी ईसीजी, मग नशीब."

नानांना आतल्या खोलीत घेतलं. भूपेंद्रने आत यायला नकार दिला. कामिनी आणि फुई, दोघी आत राहिल्या. कामिनीने शाळेच्या प्रयोगशाळेत बेडूक कापले होते, तिला वाटलं होतं आपण बघू शकू. डॉक्टरांनी हातमोजे घातले आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. भिंतीवर रूपालीने लावलेलं कॅलेंडर होतं. त्यावरच्या तिथी तिने वाचून काढल्या. फुई मात्र शेवटपर्यंत भावाचा हात धरून बघत बसली. मागे कात्रीचा आवाज आला, मग स्टीलच्या ताटलीत काहीतरी ठेवल्याचा.

"झालं," डॉक्टर म्हणाले.

ताटलीत चपट्या, गुळगुळीत धातूची डबी होती, काडेपेटीहून थोडी मोठी. बाहेर ओसरीत टाळ सुरू झाले होते. शालिग्राम आबांनी वीणा गळ्यात अडकवली होती आणि मंडळी उभी राहिली होती. फुईने स्वतः नानांच्या सदऱ्याच्या गुंड्या लावल्या. सगळ्या गुंड्या, वरच्यासुद्धा, जी नाना कधी लावत नसत.

कामिनी तिरडीमागून फाटकापर्यंत गेली. तिथून पुढे गावच्या बायका जात नाहीत. ती तिथे थांबली नाही. कुणी अडवेल असं तिला वाटलं होतं, पण कुणी अडवलं नाही; आबा तेवढे एकदा मागे वळून बघून पुन्हा पुढे चालू लागले. भूपेंद्रने अग्नी दिला तेव्हा ती स्मशानातल्या लिंबाच्या झाडाखाली उभी होती. लाकडं नीट पेटली. वेगळा काहीच आवाज आला नाही.

डबीचं काय करायचं, हा प्रश्न दुसऱ्या दिवशी निघाला. डॉक्टरांनी ती औषधाने स्वच्छ करून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाठवली होती. भूपेंद्रचं म्हणणं, अस्थींबरोबर चांगदेवला संगमात सोडू. कामिनी म्हणाली, बॅटरी नदीत टाकायची नाही, त्या पाण्यावर गावं जगतात. भूपेंद्रला तेही पटलं. मग ती जरा घुटमळून म्हणाली, "मी शाळेत नेऊ का? मुलांना दाखवायला."

भूपेंद्र ताडकन उठला. "बापाचं काळीज तू वर्गात फिरवनार?"

"काळीज नाही भाऊ. मशीन आहे."

"तुह्यासाठी मशीन!" तो म्हणाला आणि बागेकडे निघून गेला. त्यानंतर दोघं त्यावर बोलली नाहीत. पिशवी देवघराच्या फळीवर पडून राहिली. फुई रोज पूजा करताना ती उचलून बाजूला ठेवायची आणि पूजा झाली की परत जागेवर ठेवायची. त्या पिशवीला गंध लावायचं की नाही, हे बहुधा तिचं ठरत नव्हतं.

उत्तरकार्याच्या दिवशी पंगती उठल्यावर शालिग्राम आबा कामिनीजवळ येऊन बसले. सुपारी कातरत, इकडंतिकडं बघत म्हणाले, "माझ्या डोळ्यांत मोतीबिंदूवाल्यांनी प्लास्टिकचं भिंग टाकलं आहे. ते बी काढा लागते का?"

"नाही आबा. ते जळून जातं. फुटत नाही."

"आन गुडघ्यातली वाटी? स्टीलची आहे."

"ती राखेत सापडेल. तिचा त्रास नाही."

आबांनी मान डोलावली. "मंग बरं आहे," ते म्हणाले. "फुटनारं काही नाही माझ्यात." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "झुलालचं तुले काय वाटते? सुटला असंल?"

कामिनी म्हणाली, "ते असते तर यावर माझ्याशी भांडले असते."

"ते तर आहेच," आबा म्हणाले आणि सुपारीचं खांड तिच्या हातावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती धुळ्याला निघाली. डिकीत रूपालीने केळीची फणी आणि शेवेची पिशवी कोंबली. फुईच्या सांगण्यावरून तिनेच ओटी भरली. गाडी सुरू झाली तेव्हा भूपेंद्र घरातून आला, खिडकीशी वाकला आणि रुमालात गुंडाळलेलं काहीतरी तिच्या मांडीवर ठेवलं. रुमाल नानांचा होता, धुऊन इस्त्री केलेला. आत काय आहे ते तिला वजनावरून कळलं.

"फुई म्हने, देऊन टाक," तो म्हणाला. मग ते खरं नसल्यासारखं त्याने मान हलवली. "नाही. मीच म्हटलं. नानांनीच तुले शिकवलं ना."

कामिनीने त्याचा हात धरला.

"पन पोरांले नाव सांगजो," भूपेंद्र म्हणाला. "नुसतं मशीन म्हनून दाखवू नको. कोनाचं होतं ते सांगजो."

"सांगेन," ती म्हणाली.

फैजपूरच्या चौकात केळीचे ट्रक आडवे लागले होते. बराच वेळ गाडी जागची हलली नाही. नवऱ्याने इंजिन बंद केलं. कामिनीने रुमालाची घडी उलगडली नाही. तळहातावर ते वजन तोलत ती मनातल्या मनात वर्गात उभी राहिली आणि पहिलं वाक्य काय असावं ते जुळवू लागली.